तहसील म्हणजे वसुली नव्हे

जुलै महिना, बाहेर मुरुडचा पाऊस, रात्रीचे साडेअकरा वाजलेले. फोन वाजला. नंबर जपानचा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथे पहाटेचे तीन. माझा जुना विद्यार्थी. सलाम झाला, घरच्यांची चौकशी झाली आणि मग बराच वेळ तो गप्प. मी म्हटलं, "बोल बाळा." तेव्हा म्हणाला, "टीचर, मी परत आलो तर लोक काय म्हणतील?"

झोपमोड झाली म्हणून नव्हे, पण त्या रात्री मला नंतर झोप लागली नाही. कारण तो एप्रिलमध्ये गेला तेव्हा शाळेत त्याचा सत्कार झाला होता आणि माईक माझ्या हातात होता. "आपल्या गावाला आता जपानचीही दारं उघडली," असं मी मोठ्या ऐटीत बोलले होते. दारापलीकडे काय आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच्या घरच्यांनाही नव्हतं. ज्या एजंटाने पैसे घेतले त्याला ठाऊक असावं, पण ते सांगण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

त्याच्या घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहितेय. अट एकच, नाव घालायचं नाही. म्हणून तो इथे फक्त "तो".

आधी त्याच्या घराची गोष्ट, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांची गोष्ट. वडील बावीस वर्षं आखातात होते, २०२० मध्ये कंपनीने कायमचे घरी पाठवले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि वाडीतल्या सुपाऱ्या एका दुपारीत आडव्या झाल्या. नारळ पडला तर माणूस रडतो, पण सुपारीची अख्खी ओळ पडली की तो हिशेब करतो. आज रोप लावलं तर हातात पीक यायला किती वर्षं लागतील आणि तोवर खायचं काय? थोरल्या मुलीचं लग्न त्या हिशेबात उरकलं. धाकटा हुशार होता, बारावीला चांगले गुण होते. पनवेलला तीन महिन्यांचा जपानी भाषेचा क्लास, मग तिथल्या एका भाषाशाळेत प्रवेश, विद्यार्थी व्हिसा. सात लाखांचं कर्ज. महिन्याचा हप्ता सोळा हजार.

आता इथे मला आपल्या समाजाबद्दल थोडं स्पष्ट बोलायचं आहे. परदेशी जाणं आपल्याला नवीन नाही. आमच्या या हबसाणातून माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केपटाऊनला गेली आणि तिथे आजही कोकणी मुसलमान म्हणून ओळखली जातात. जहाजांवर खलाशी म्हणून गेली. सत्तरच्या दशकात आखाताचं तेल वर आलं आणि मग तर मोहल्ल्यात तरुण पुरुष शोधावा लागे. या सगळ्यातून आपण एक पद्धत शिकलो. गावचाच कुणीतरी आधी गेलेला असतो. त्याच्या खोलीत पहिली पथारी पडते. स्वयंपाकाच्या पाळ्या लागतात. कामावर हिंदी-उर्दू चालते, खोलीवर आपली कोकणी चालते, जुम्याला मशीद समोर. अरबीचे दहा शब्द आले तरी वीस वर्षं निघतात. आणि पहिल्या नाही तर दुसऱ्या महिन्यापासून पैसे येऊ लागतात. घर, विहिरीचा पंप, बहिणीचं लग्न, मशिदीचा नवा मजला, सगळं त्याच पैशांतून उभं राहिलं. त्या पैशांना मी नावं ठेवणार नाही, माझं बीएडसुद्धा मामूंच्या दोह्याच्या ड्राफ्टवर झालं.

पण या पद्धतीने आपल्या मनात एक माप पक्कं करून ठेवलंय. गेलेला माणूस किती पाठवतो, यावर तो कसा आहे ते ठरतं. मुलगा जपानला गेला तेव्हा मोहल्ल्यात लोकांनी "काय शिकतोय" असं विचारलं नाही. "किती पडतात?" असं विचारलं. जणू काही तो जरा लांबच्या दुबईला गेला होता.

त्याने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता, तो हिशेब इथे मांडते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला तिथे वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. शाळेला मोठी सुट्टी असेल तेव्हा दिवसाला आठ तास. तो फुकुओकात आहे, तिथे तेव्हा तासाला हजार येनच्या आसपास मिळत होते. म्हणजे महिन्याला साधारण एक लाख वीस हजार येन. भाषाशाळेची वर्षाची फी साडेसात लाख. पहिल्या वर्षाची कर्जातून भरली, दुसऱ्या वर्षाची आतापासून बाजूला टाकायची तर महिन्याला बासष्ट हजार. चौघांच्या खोलीतल्या एका पलंगाचे अठ्ठावीस हजार. खाणं काटकसरीने अठरा हजार. आरोग्य विमा आणि फोन पाच हजार. उरले सात हजार येन, म्हणजे आपले चार हजार रुपये. घरचा हप्ता सोळा हजारांचा.

मधले बारा हजार रुपये कुठून यायचे? तर ते २८ तासांच्या पलीकडून. पार्सल निवडण्याच्या गोदामातली पाळी संपली की एका हॉटेलात भांडी घासायची, पैसे रोख. वर्ग सकाळी नऊला. पहाटे तीनला तो मला फोन करू शकला, कारण तेव्हाच त्याची भांडी घासून झाली होती.

आणि हे उघडकीला आलं तर व्हिसाची मुदत वाढत नाही. मग शिक्षणही गेलं, काम गेलं आणि कर्ज तसंच. भाषाशाळेत वर्गावर झोपणाऱ्या मुलाची हजेरी घसरते आणि मुदत वाढवताना हजेरीही पाहतात. म्हणजे पोराला आपण अशा फळीवर उभं केलं होतं, जिची दोन्ही टोकं त्याच्याच पगारावर होती.

माझं म्हणणं साधं आहे, पण गावात ते कडू लागलं. शिकायला पाठवलेल्या मुलाकडून पहिली दोन वर्षं एक पैसा घ्यायचा नाही. तेवढी ऐपत नसेल तर त्या वर्षी पाठवू नका. इथे थांबा, भाषा इथे शिका, मग पाठवा.

भाषेवर मी अंमळ जास्त बोलणार आहे. माझा धंदाच तो आहे, आणि मुलाचा तिथे जम बसणार की नाही, हे मुख्यतः तिच्यावरच ठरतं असं माझं मत झालंय.

तीन महिन्यांचा क्लास करून तो गेला. प्रमाणपत्र हातात होतं, पण विमानतळावर अधिकाऱ्याने राहण्याचं ओळखपत्र दिलं, तेव्हा त्याला एक वाक्यही कळलं नाही. चौदा दिवसांत वॉर्ड कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, विमा काढायचा असतो. ती कामं त्याच्यासाठी खोलीतल्या नेपाळी मुलाने केली, हिंदीत समजावून. अल्लाह त्या मुलाचं भलं करो. पण त्या पहिल्या आठवड्यापासून त्याच्या मनात बसलं की आपण इथे मुके आहोत. माझ्या वर्गात वादविवाद स्पर्धा जिंकणारा मुलगा!

मी कुतूहलापोटी त्याचं पुस्तक मागवून घेतलं आणि थक्क झाले. आपल्या मुलांना ही भाषा अवघड जावी असं तिच्या व्याकरणात फारसं काही नाही. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. शब्दाच्या मागे प्रत्यय, आपल्यासारखेच. "वाताशी वा गाक्को नि इकिमासु." वाताशी म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, नि म्हणजे ला, इकिमासु म्हणजे जाते. मी शाळेला जाते. मधला "वा" म्हणजे आपला "तर", उर्दूतला "तो": मैं तो. इंग्रजीत शिकणाऱ्याला हे वाक्य उलटं करून घ्यावं लागतं, आपल्याला फक्त शब्द बदलायचे आहेत. आणि गंमत बघा, प्रश्न विचारायचा तर शेवटी "का" लावायचा. इकिमासु का? जाता का? उच्चारही तोच. "आत्सुइ देसु ने" म्हणजे "गरम होतंय ना". त्यांचा "ने" आणि आपला "ना" शेजारी बसवले तर भाऊभाऊ वाटतील.

मुळाक्षरं पाहिली तर अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण बौद्ध धर्माबरोबर तिथे पोचलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तो आला. पहिली-दुसरीच्या मुलांना मी रोज हेच घोकवते.

त्याहून मोठी गोष्ट अदबीची. जपानीत समोरच्याच्या "बोलण्याला" एक क्रियापद आणि आपल्या स्वतःच्या "बोलण्याला" दुसरं. मोठा माणूस बोलतो ते "ओश्शारू", आपण नम्रपणे बोलतो ते "मोउसू". मराठी किंवा इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हे समजावताना मास्तरांचा घाम निघत असेल. उर्दूच्या मुलाला दोन शब्दांत कळतं: आप फरमाइए, मैं अर्ज करता हूँ. झालं. लखनौपासून इतक्या दूर आमच्या खाडीकाठच्या शाळेत "फरमाना" आणि "अर्ज करना" यांतला फरक शिकवताना मला स्वतःलाच कधी कधी वाटायचं, हे या पोरांना कुठे उपयोगी पडणार? फुकुओकाच्या गोदामात पडलं.

आपली भाषा तिथे आपल्या आधी पोचली आहे, हेही मुलांना सांगायला हवं. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह १९०९ मध्ये टोकियोच्या विदेशी भाषांच्या शाळेत हिंदुस्तानी शिकवायला गेले होते. पुढे त्या शाळेचं विद्यापीठ झालं आणि तिथे आजही उर्दू शिकवतात, ओसाका विद्यापीठातही शिकवतात. जपानी मुलं उर्दू शिकतात आणि आमचे पालक मात्र "उर्दूत शिकून काय करणार" म्हणून नाव काढून नेतात. असो. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी तापते.

अवघड आहे ते कांजी, म्हणजे चित्रासारखी चिन्हं. रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेलीच २,१३६ आहेत. त्यांना रात्रीची झोप आणि दिवसाचे तास लागतात, आणि आपण पोराचे नेमके तेच विकून हप्ता भरत होतो. भाषा आली नाही की काम कसलं मिळतं? बोलावं लागत नाही असलं. गोदाम, भांडी, हॉटेलातल्या चादरी. आणि न बोलण्याच्या कामात भाषा येत नाही. या चक्रात पोरं दोन दोन वर्षं फिरतात. याउलट भाषेची एक-दोन पातळ्या पुढची परीक्षा इथूनच देऊन गेलेला मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर उभा राहतो, गिऱ्हाइकाशी बोलतो आणि पगार घेता घेता शिकतो. परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होतात, पुण्या-मुंबईत केंद्रं आहेत. पुण्यात तर कित्येक वर्षं जपानी शिकवली जातेय. बोटीने दिघी गाठून लग्नाला जाणारे आपण, परीक्षेसाठी पुण्याला जायला लांब म्हणतो.

न लिहिलेली भाषा आणखी वेगळी. मालकाला सुट्टी मागितली, तो "चोत्तो…" म्हणाला आणि थांबला. चोत्तो म्हणजे "जरा". याला वाटलं, जरा थांबायला सांगतायत. तो थांबून राहिला. त्याचा अर्थ "नाही" होता. मी त्याला विचारलं, तुझ्या दादीकडे कुणी उसने मागायला आलं की दादी काय म्हणते? हसला. "बघू." मग त्याला कळलं.

कचऱ्याचं तर त्याने मला एक संपूर्ण व्याख्यान दिलं. महापालिकेच्याच पिशव्या विकत घ्यायच्या, जळणाऱ्या कचऱ्याची लाल, न जळणाऱ्याची निळी, बाटल्यांची पिवळी. ठरल्या दिवशीच बाहेर ठेवायची, आणि फुकुओकात कचरा रात्री उचलतात. चुकलं तर पिशवी तशीच राहते, वर चिकटवलेल्या सूचनेसह. सगळ्या इमारतीला कळतं की परदेशी पोरांच्या खोलीची आहे. फोनवर मोठ्याने बोलायचं नाही. आमच्याकडे आखातातून फोन आला की शेजारच्या तीन घरांना कळतं, एवढ्या आवाजात आपलं प्रेम चालतं. हा पोरगा आईशी बोलायला नदीच्या पुलाखाली जातो.

बुजुर्गांना मात्र यातल्या कशाचीच काळजी नव्हती. त्यांची काळजी दीनची. खाणार काय, नमाज कुठे, बिघडणार तर नाही. खाण्याचं सांगते. फुकुओकाचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्शातल्या शेवया, त्याचा वास स्टेशनाबाहेरच येतो. पाव, बिस्किटं, मसाल्याची पाकिटं, सगळ्यावर बारीक जपानीत घटक लिहिलेले. डुकराचं आणि दारूचं चिन्ह त्याने पहिल्या आठवड्यात पाठ केलं, ती त्याची पहिली कांजी. पण आपण मासे-भात खाणारी माणसं! समोर समुद्र आहे, बांगड्याचा भाऊबंद "साबा" आहे, माकूळ आहे, उन्हात सुकवलेली मासळीसुद्धा आहे. माशाला ना जबिहाचा प्रश्न ना शंकेचा. अडचण वेगळीच होती, त्याला मासा साफ करता येत नव्हता. वीस वर्षांत घरातल्या कुणी त्याला विळीला हात लावू दिला नव्हता. आयांनो, मुलगा परदेशी पाठवणार असाल तर भात, कालवण आणि मासा कापणं शिकवून पाठवा. ते मुलींचं काम म्हणून सोडलंत तर तो कपातल्या शेवयांवर जगेल आणि त्या पाकिटात काय आहे याची फिकीर चौथ्या महिन्यात सोडून देईल.

मशिदीचं म्हणाल तर जपानमधली पहिली मशीद कोबेला १९३५ मध्ये उभी राहिली आणि तिच्या खर्चात हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. फुकुओकाची मशीद २००९ मधली, तिची सुरुवात क्युशू विद्यापीठातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांच्या धडपडीतून झाली. विद्यार्थ्यांनी उभी केलेली मशीद, हे मला फार आवडलं. पण जुम्याची नमाज त्याची पहिले चार महिने चुकत होती. का? कारण शुक्रवारी दुपारी वर्ग सुटला की तो झोपून जायचा, रात्रपाळीसाठी. त्याचा दीन जपानी लोकांनी घेतला नव्हता, हप्त्याने घेतला होता.

एका बुजुर्गांनी मला असा प्रश्न केला की मी क्षणभर गप्प झाले. "आणि तिथे काही झालं तर? दफन कुठे करतील?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जपानात जवळजवळ सगळ्यांचं दहन होतं, मुस्लिम दफनभूमी मोजक्याच. फुकुओकाच्याच क्युशू बेटावर, ओइता प्रांतात, बेप्पूचे मुसलमान शेजारच्या हिजी नगरात दफनासाठी जागा मिळावी म्हणून कित्येक वर्षं झटले. गावकऱ्यांना पिण्याच्या पाण्याची भीती वाटली. २०२४ मध्ये निवडून आलेल्या नव्या नगराध्यक्षांनी नगराची जमीन विकायला नकार दिला. जे तिथे कायमचे राहणार, ज्यांची मुलं तिथे जन्मली, त्यांच्यासाठी ही जखम खरी आहे, आणि कब्रस्तानाच्या जागेवरून होणारे वाद आपल्याकडच्या मुसलमानाला समजावून सांगावे लागत नाहीत. पण वीस वर्षांच्या पोराच्या बाबतीत मला वाटतं, मरणाची सोय विचारणाऱ्यांनी आधी त्याच्या जगण्याची विचारावी. विमा भरला की दवाखान्याचं सत्तर टक्के बिल विमा भरतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ताप अंगावर काढत होता तो.

आता परत येण्याबद्दल. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या रात्री दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला अतिया फैजी आठवल्या.

आमच्या मुरुडमध्ये नवाबांचा राजवाडा बघायला पर्यटक येतात, पण अतियांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. जंजिऱ्याच्या नाजली बेगम या त्यांच्या बहीण. १९०६ मध्ये अतिया सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला गेल्या. म्हणजे माझ्या बीएडच्या पूर्वजच. तिथून त्यांनी बहिणीला उर्दूत रोजनिशी लिहून पाठवली. ती लाहोरच्या "तहजीब-ए-निस्वां" या स्त्रियांच्या पत्रात छापून आली आणि पुढे तिचं पुस्तक झालं, "जमाना-ए-तहसील". आणि अतियांनी तो अभ्यासक्रम पुरा केला नाही. तब्येत बिघडली, साधारण वर्षभरात त्या परतल्या. हे आम्ही बहुधा सांगत नाही. सांगायला हवं. शिकायला गेलेली बाई अर्ध्यावर परतली आणि तरी तिच्या त्या वर्षाच्या रोजनिशीने हिंदुस्थानातल्या कितीतरी पडद्यातल्या बायकांना जग दाखवलं. तिच्या मागे पैसा होता, घराणं होतं, हे खरं, आमच्या पोराच्या मागे हप्ता आहे. पण परत येण्याची परवानगी श्रीमंतांनाच का असावी?

त्या पुस्तकाचं नाव मी फळ्यावर लिहिलं की मराठी शिकलेली मुलं हसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे मामलेदार कचेरी येते, दाखले, रांग, शिक्के. मी सांगते, उर्दूत तहसील म्हणजे मिळवणं, हासिल करणं, तहसील-ए-इल्म. त्याच शब्दाचा सरकारदरबारी अर्थ झाला सारा वसूल करणं, आणि वसुलीच्या कचेरीलाही तेच नाव पडलं. त्या दुपारी फळा पुसताना मला जाणवलं की आम्ही गावकऱ्यांनी त्या पोराच्या बाबतीत नेमकं हेच केलंय. त्याचा जमाना-ए-तहसील होता आणि आम्ही कचेरी उघडून बसलो होतो.

त्याच्या घरी गेले. वडील पडवीत बसले होते. मी हिशेबाचं पान पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "टीचर, मी गेलो तेव्हा पहिल्या पगारातून पाठवले होते. अंगात ताप होता, तरी पाठवले. कुणी म्हटलं नाही की याला दोन वर्षं राहू द्या." यावर मला उत्तर नव्हतं. आजही नाही. बावीस वर्षांत त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी आज त्याच्या मुलाची वकिली घेऊन आले होते. आई आतून म्हणाली, "म्हणून काय त्यानेही तसंच करायचं?"

तोडगा काही मोठा निघाला नाही. वडिलांचे आखातातले दोन जुने सोबती आहेत, त्यांनी मिळून वर्षभराचे हप्ते उचलले, बिनव्याजी, फेड नंतर. मी जमातीच्या बैठकीत विषय काढला की शिष्यवृत्तीचा निधी डॉक्टर-इंजिनियरांपुरताच का, भाषेच्या परीक्षेच्या फीला आणि पुण्याच्या क्लासला का नको? "बघू" असं उत्तर मिळालं. अर्थ तुम्हाला आता ठाऊक आहे. जपान सरकारची शिष्यवृत्ती असते, बारावीनंतर पदवीसाठीसुद्धा. फी माफ, विमानभाडं, वर महिन्याला एक लाख सतरा हजार येन, आणि परत काही फेडायचं नसतं. अर्ज दूतावासामार्फत साधारण उन्हाळ्यात निघतात. परीक्षा कठीण असते, जागा थोड्या असतात. पण आमच्या तालुक्यातून एकाही मुलाने तो अर्ज भरल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि याचा दोष मी एजंटावर टाकू शकत नाही. तो आम्हा शिक्षकांचा आहे. यंदा मी अकरावीच्या वर्गात ती माहिती फळ्यावर लिहिली. गणितात बरी असलेली एक मुलगी दोनदा येऊन विचारून गेली. तिच्या वडिलांशी बोलायचं अजून माझं धाडस झालेलं नाही.

तो परत आला नाही. मी त्याला सांगितलं होतं की आलास तर स्टँडवर मी घ्यायला येईन, सत्काराचा माईक मीच धरला होता. हे ऐकून तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "डिसेंबरची परीक्षा देतो, मग बघतो." भांड्यांचं काम सोडलं. दुसऱ्या वर्षाची फी अजून पुरी जमलेली नाही आणि व्हिसाची मुदतवाढ यायची आहे, त्यामुळे पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. जुम्याला जातो. साबा कापायला एका इंडोनेशियन मुलाने शिकवलं.

त्याची आई आता फोनवर त्याला रोज एक शब्द विचारते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसच्या आणि दुधाच्या नोंदींखाली, उर्दूत लिहून ठेवते. परवा बाजारात भेटली. कोळणीच्या पाटीवर वाकून भाव करत होती, मला पाहून सरळ झाली आणि म्हणाली, "टीचर, एक विचारू? ते लोक शेवटी 'का' लावतात तो आपलाच ना?"

मी म्हटलं, आपलाच समजा.